समुद्र राहिला, मृणाल

मृणाल, परवा तुझ्या शोकसभेत सगळे तुझ्याबद्दल इतकं गोड बोलले की मला मध्येच उठून जावंसं वाटलं. उठले नाही, कारण तुझी ईशा माझ्या शेजारी बसली होती आणि तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. ती रडत नव्हती, नुसती ऐकत होती. पार्सिपनीतल्या त्या शाळेच्या हॉलमध्ये एकेक जण माइकपाशी येत होता. मृणालवहिनी म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. मृणालताई कधी कुणाला नाही म्हणाल्या नाहीत. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचे आईवडील भारतातून आलेले असोत, मंडळाची दिवाळी असो, हाक मारायचा अवकाश की ह्या डबा घेऊन दारात हजर. मी मनात म्हटलं, ही कोण बाई? मी जिच्याशी पंचवीस वर्षं भांडत आले ती कुठे आहे?

मग आपल्या मंडळाच्या अध्यक्ष पद्माताई उठल्या. डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मृणालच्या हातचे अनारसे आपण कुणीच विसरू शकत नाही. म्हणून दर दिवाळीला तिच्या नावाने अनारशांची स्पर्धा ठेवावी असं कमिटीला वाटतं. ट्रॉफी ठेवू. तिची आठवण राहील." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! तुझा नवरा प्रसाद पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. तो एवढंच म्हणाला, "नीलूला विचारा. ती म्हणेल तसं करू."

म्हणजे घोडं माझ्याकडे येऊन अडलं. पद्माताईंना माझं उत्तर या आठवड्यात हवं होतं. शिवाय स्मरणिकेसाठी तुझ्यावर चार शब्द हवेत. "गोड लिही हं," त्या मला बजावून गेल्या, "तुझा स्वभाव जरा तिखट आहे." तर मी लिहायला बसलेय. पण तुझ्याबद्दल लिहायला जाते आणि तुलाच बोलायला लागते, आणि गोड काही केल्या येत नाही.

अनारसे म्हणे! अगं, तुला अनारसे आवडायचेसुद्धा नाहीत.

हे मला कळलं गेल्या ऑक्टोबरमध्ये, वाळवंटात. त्या सहलीचं आपण किती वर्षं बोलत होतो! एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये आलेल्या दोन नव्या नवऱ्या आपण. तू पुण्याची, मी नागपूरची. नवऱ्यांच्या नोकरीला टांगलेला व्हिसा, स्वतः काम करायची परवानगी नाही, दुपारभर करायचं काय हा प्रश्न. तू भूशास्त्रात एम.एस्सी. केलेली, सह्याद्रीत पाय तुटेस्तोवर हिंडलेली. बॅगेत गोड्या मसाल्याच्या डब्याशेजारी दगड फोडायची हातोडी घेऊन अमेरिकेत आलीस. स्वयंपाकघरात तू कॅलिफोर्नियाचा नकाशा लावला होतास आणि त्यावर बोट फिरवत मला सांगायचीस, आधी वाळवंट, मग डोंगर, मग समुद्र आणि किनाऱ्याकडची जुनी स्पॅनिश गावं. एका आठवड्यात सगळं बघायला मिळतं, नीलू, असं दुसरीकडे कुठेच नाही. मी हो म्हणायचे. मला दगडातलं काही कळत नव्हतं, पण तू दगडाबद्दल बोलायला लागलीस की छान दिसायचीस.

पुढे कागदपत्रं झाली. मी कॉम्प्युटरचा कोर्स केला, नोकरीला लागले. तुझी परवानगीही आली होती, पण तेव्हा सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मग ईशाची शाळा. मग मंडळ. मग आणखी काहीतरी. "इथे दगडांना कोण विचारतं," असं म्हणून तू हातोडी गराजमध्ये ठेवलीस. आपलं पहिलं मोठं भांडण तेव्हाच झालं होतं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

तरी गेल्या ऑक्टोबरमध्ये आपण निघालो. मुलं मोठी झाली, नवऱ्यांना कुकर लावता यायला लागला, आता कसली वाट बघायची? लास व्हेगासला उतरलो, गाडी घेतली, आणि तू मला स्टिअरिंगला हातसुद्धा लावू दिला नाहीस. डेथ व्हॅलीत शिरलो तेव्हा फोनची रेंज गेली. तू फोन बघितलास, बंद केलास आणि मागच्या सीटवर टाकून दिलास. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

त्या पिवळ्या, सुरकुतलेल्या टेकड्यांसमोर तू कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. मी म्हटलं, काय हे ओसाड. तू म्हणालीस, "हे सगळं पाण्याने केलंय."

"इथे पाणी कुठाय?"

"नाहीये म्हणूनच. पाऊस नाही म्हणून झाडं नाहीत, झाडं नाहीत म्हणून माती धरून ठेवायला कुणी नाही. मग कधीतरी धो धो पाऊस येतो आणि अर्धा डोंगर खाली घेऊन जातो. तो बघ, तिकडे पायथ्याशी पसरलाय तो सगळा गाळ."

मग तू इंग्रजीत बोलायला लागलीस, कारण एक म्हातारं अमेरिकन जोडपं आपल्याजवळ येऊन ऐकत उभं राहिलं होतं. मंडळात दोन वाक्यं इंग्रजीत बोलायची वेळ आली की मला पुढे ढकलणारी तू, तिथे एकदाही अडखळली नाहीस. शेवटी त्या आजोबांनी विचारलं, "आर यू अ प्रोफेसर?" आणि तू हसत म्हणालीस, "नो नो, हाउसवाइफ." ते जोडपंही हसलं. तुम्ही सगळे हसलात. मला मात्र त्या आजोबांसमोर तुला गदागदा हलवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण मिठाच्या त्या पांढऱ्या मैदानावर गेलो. तू मांडी घालून खाली बसलीस, मिठाचा खडा जिभेला लावून बघितलास आणि अचानक म्हणालीस, "नीलू, एक सांगू? मला अनारसे आवडत नाहीत."

"काय?"

"कधीच आवडले नाहीत. तो गूळ आणि तुपाचा वास आला ना, की तिथून पळावंसं वाटतं मला. पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी फोनवर सांगितलं तसे केले. नेमकी जाळी सुरेख पडली. सगळे वा वा म्हणाले. झालं! एखादा घाणा जरी तुपात हसला असता ना, तर सुटले असते."

तुपात फुटून विरघळणाऱ्या अनारशाला आपण हसला म्हणतो, आणि तिथे आपण दोघी हसत सुटलो. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हसणं थांबल्यावर तू म्हणालीस, या वर्षी नाही करणार. दिवाळीला आयता फराळ खाणार, आणि त्यातलाही फक्त चिवडा. ईशा म्हणतेय तसं जवळच्या पार्कमध्ये जाऊन विचारणार, शाळेच्या मुलांना दगड दाखवायला कुणी माणूस हवंय का. "या वयात हो म्हणतील का गं?" असं तू मला विचारलंस. मी म्हटलं, त्या आजोबांनी तुला प्रोफेसर केलंच आहे. तू लाजलीस, मृणाल. मी तुला लाजताना फारसं कधी बघितलं नव्हतं.

मग डोंगर आले. आता तू दर दहा मिनिटांनी गाडी बाजूला घेत होतीस. मोटेलमध्ये छोट्या कुकरमध्ये भात लावून मेतकूट-तूप-भात खाल्ला आणि खिडकीतून बर्फाचे सुळके बघत झोपलो. घाट चढायच्या आधी, त्या खाऱ्या तळ्याकाठच्या गावात, पेट्रोल भरायला थांबलो. तू फोन सुरू केलास. तो वाजला. तू तो घेऊन लांब गेलीस. गाडीच्या काचेतून मला तुझी पाठ दिसत होती. परत आलीस तेव्हा तुझा चेहरा बदललेला होता.

"नीलू, मला परत जायला हवं."

मला वाटलं कुणाला काही झालं. कुणाला काही झालं नव्हतं. अनारशांचे तांदूळ भिजत घालायचे होते. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, पंचावर सुकवायचे, दळायचे, गूळ घालून मळायचे, मग ते पीठ मुरायला हवं. "आत्ता निघाले तरच दिवाळीपर्यंत होईल," तू म्हणालीस. पॅसिफिक महासागर एका दिवसावर आला होता, आणि तू तांदळाचा हिशोब करत होतीस. जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्या माणसांनी असल्या कारणासाठी सहल मोडली असेल असं मला वाटत नाही.

"पद्माताईंचा फोन होता ना?"

"हो."

"मग त्यांना सांग, आयसेलिनच्या मिठाईच्या दुकानातून आणा!"

"असं कसं सांगू?"

तो अख्खा घाट आपण भांडत चढलो. दोन्ही बाजूंना असे दगड होते की तू ते बघायला आयुष्यभर थांबली होतीस. एकदा तुला राहवलं नाही. "ते बघ, बर्फाने घासून कसा चकचकीत केलाय," तू म्हणालीस. मी म्हटलं, "तू तांदूळ धुवायचं बघ." मग घाट संपेपर्यंत तू एकदाही गाडी बाजूला घेतली नाहीस.

फ्रेस्नोच्या विमानतळाबाहेर तुझी बॅग मी जरा आपटूनच ठेवली. म्हटलं, "ते मंडळ म्हणजे काय सरकार आहे का? कधी शिकणार तू नाही म्हणायला?" तेव्हा तू चिडलीस. आवाज न चढवता चिडलीस. "पद्माताई म्हणतात अनारसे कर. तू म्हणतेस करू नको. दोघी मला सांगताच आहात की काय करायचं ते. फरक काय?"  तू मला जवळ घेतलंस आणि म्हणालीस, "भांडू गं नंतर, निवांत." आणि गेलीस.

मी बुकिंग कॅन्सल केलं नाही. रागारागात एकटी ड्राइव्ह करत गेले. किनाऱ्याकडे जाताना वाटेत सान हुआन बाउतिस्ता लागतं, तुझ्या नकाशावर लाल गोल केलेलं गाव. जुनं स्पॅनिश मिशन आहे, मातीच्या जाड भिंती, कमानींचा लांब ओटा. पण तुला तिथे जायचं होतं ते भिंतीपलीकडच्या उतारासाठी. तिथून जमिनीतली ती प्रसिद्ध भेग जाते ना, भूकंपाची. एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे टाकून उभं राहायचं हे तुझं कॉलेजपासूनचं स्वप्न. मी गेले आणि उभी राहिले. एका बाईंना सांगून फोटो काढून घेतला आणि तुला पाठवला, जळावंस म्हणून. तुझं उत्तर आलं, "पाय जरा डावीकडे हवा होता." घरी तांदळाचं पाणी बदलता बदलता तू फोटोतल्या उतारावरून ती रेघ ओळखलीस! मी त्या उतारावर उभी राहून ओरडले. मराठीत. शेजारची कोंबडी पळाली.

मॉन्टेरेला दोन दिवस एकटी हिंडले. जुन्या मातीच्या घरांमधून, देवमाशांच्या हाडांचे तुकडे बसवलेल्या त्या फुटपाथवरून. समोर समुद्र. मी त्या समुद्राचा एकही फोटो काढला नाही. म्हटलं, हिला यायचं असेल तर येईल आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघेल.

दिवाळीला तुझा डबा आला. जाळी सुरेख पडली होती. आपण फोनवर बोलत राहिलो, प्रसादच्या गुडघ्याबद्दल, ईशाच्या नोकरीबद्दल, माझ्या बॉसबद्दल. पार्कचं काय झालं ते मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. निवांत भांडायचं होतं ना. जानेवारीत एका साध्या मंगळवारी, सकाळचा चहा गाळता गाळता, तू गेलीस. कसला निवांतपणा घेऊन बसली होतीस गं?

आणि हे सगळे तुझ्या डब्याचं कौतुक करतात तेव्हा मला वेगळंच काही आठवतं. नागपूरला बाबा गेले तेव्हा माझी कागदपत्रं अडकली होती. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. सगळ्यांनी डबे पाठवले. फ्रिजमध्ये जागा उरली नव्हती. तू मात्र रिकाम्या हाताने आलीस. मला गाडीत घातलंस आणि पॅटरसनच्या धबधब्यावर नेलंस. तिथला काळा कातळ दाखवलास. "हा आपल्याकडचाच दगड आहे, लाव्हाचा. वय वेगळं, पण जात तीच. हात लाव." मी हात लावला आणि तिथे पहिल्यांदा रडले. त्या दिवसाचे आभार मी तुझे कधी मानले नाहीत, आपल्यात तशी पद्धतच नव्हती. आज मानते. पण त्या हॉलमध्ये हे कुणाला माहीत होतं? त्यांच्या तोंडाला अजून अनारशाचीच चव आहे.

हे सगळं मी परवा माइकवर सांगणार होते. पद्माताईंना सगळ्यांदेखत विचारणार होते की तुम्ही तिला सहलीतून का ओढून आणलंत. पण त्याआधी चहा झाला, आणि चहाचा कप हातात घेऊन पद्माताईच माझ्याकडे आल्या. "काय बाई होती!" त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवाळीला तर मी स्वतः फोन करून सांगितलं तिला. म्हटलं, तू सहलीला गेली आहेस, या वर्षी अनारसे आयसेलिनहून मागवते, तू सावकाश ये. तरी तिसऱ्या दिवशी घरी हजर! अशी होती बघ."

 त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांना कशाला खोटं बोलायचंय? म्हणजे त्या फोनने तुला बोलावलं नव्हतं. त्या फोनने तुला सुट्टी दिली होती. आणि सुट्टी मिळाली म्हणून तू पळत घरी गेलीस!

मी प्रसादला विचारलं. तो म्हणाला, "मी तर तिला राहा म्हटलं होतं. तुला काय वाटलं, मी बोलावलं?" प्रसाद वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत आहे. इतके महिने मी मनातल्या मनात त्याला आणि पद्माताईंना फाडून खात होते. आता फाडून खायला कुणी उरलंच नाही. फक्त तू, आणि तू उत्तर देत नाहीस. कशाला घाबरलीस? आपल्याशिवाय दिवाळी होऊ शकते, याला? की पार्कमध्ये जाऊन विचारलं आणि ते हो म्हणाले तर, याला? की माझाच कंटाळा आला होता? तसं असेल तर तसं सांगायचं होतंस. मी दोन दिवस फुगले असते आणि मग आपण समुद्र बघितला असता.

माइकवर मी काही बोलले नाही. घरी येऊन ठरवलं, पद्माताईंना हो सांगून टाकावं. तिने स्वतःहून निवडलंय ना? मग घे म्हणावं, तुझे अनारसे तुला लखलाभ. नाही म्हणणारी मी कोण? फरक काय, असं तूच विचारून गेली आहेस.

काल सकाळी ईशाचा फोन आला. "नीलूमावशी, ते ट्रॉफीचं, डू आय हॅव टु डू समथिंग? पद्माकाकू म्हणतात, पहिल्या वर्षी मी बनवून दाखवायचे. बट आय डोन्ट नो हाउ."

"तुला येत नाहीत? आईने शिकवले नाहीत?"

"शी नेव्हर लेट मी. मी लहान असताना खूप मागे लागायचे. शी वुड थ्रो मी आउट ऑफ द किचन."

"का?"

 ईशाने तुझं वाक्य तुझ्याच मराठीत म्हणून दाखवलं. "आई म्हणायची, हे शिकू नकोस. एकदा का जमलं, की लोक तुला दुसरं काही विचारत नाहीत."

मी विचारलं, कधी म्हणाली असं? ईशा म्हणाली, "ओह, ऑल्वेज. आय वॉज लाइक टेन."

मी लगेच पद्माताईंना फोन लावला आणि नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, अगं पण तिची आठवण? मी म्हटलं, आठवण ठेवायची असेल तर कुणीतरी ईशाला विचारा, तिची आई काय शिकली होती. अनारशांना तिचं नाव देऊ नका, तिने स्वतःच्या मुलीलाही ते दिले नाहीत. त्यांनी फोन ठेवून दिला. बहुतेक दुखावल्या. दुखावू देत. स्मरणिकेला मी हेच पाठवणार आहे, छापायचं की नाही ते त्यांनी बघावं.

तुझं एवढं काम मी केलं, पण म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. म्हणजे तुला सगळं कळत होतं. गेल्या ऑक्टोबरमध्ये नाही, मिठाच्या मैदानावर नाही, ईशा दहा वर्षांची होती तेव्हापासून कळत होतं. दरवर्षी तांदूळ भिजत घालताना तू त्या मुलीला दाराबाहेर काढत होतीस आणि स्वतः आत थांबत होतीस. लेकीला तू वेळेवर वाचवलंस. मग स्वतःला का नाही वाचवलंस, मृणाल?